कानोबाच्या दोन आया

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एखाद्या घरी दत्तक मूल आलं, की ती बातमी आठवडाभरात गावभर होते. रोवणी करणाऱ्या बायका बांधीत तिची चर्चा करतात, बचतगटाच्या बैठकीत ती निघते, पिठाच्या चक्कीवर फिरते. कळायची राहते ती त्या मुलालाच. मग तिसरी-चौथीत मधल्या सुटीत भांडण होतं आणि कुणीतरी बोलून जातं, "तू त्यांचा नाहीसच." आईबाबांनी इतकी वर्षं जपलेलं गुपित एका वाक्यात फुटतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि मलाच सांगितलं नाही, हे मुलाला सगळ्यात जास्त बोचतं.

म्हणून ‘सांगायचं कधी’ याला या क्षेत्रातले जाणकार एकच उत्तर देतात. मूल बोलायला लागण्याच्या आधीपासून. पण दीड वर्षाच्या मुलाला समोर बसवून माहिती देता येत नाही. मांडीवर घेऊन दत्तक मुलाच्या गोष्टीचं चित्रपुस्तक मात्र दाखवता येतं. लहान मुलं एकच पुस्तक रोज मागतात, आणि रोज तेच वाचून दाखवताना मोठ्यांच्याही तोंडी ‘दत्तक’ हा शब्द न अडखळता येऊ लागतो. मला तर वाटतं, या पुस्तकांचा पहिला फायदा आईबाबांनाच होतो.

केइको कासझा या जपानी चित्रकर्तीचं ‘अ मदर फॉर चोको’ हे या प्रकारातलं जगभर वाचलं जाणारं पुस्तक. चोको नावाचं एकटं पिवळं पिल्लू आई शोधत निघतं. जिराफ त्याच्यासारखाच पिवळा, पण त्याला पंख नाहीत. पेंग्विनला पंख आहेत, पण गाल चोकोसारखे नाहीत. शेवटी त्याला घरी नेते ती अस्वलीण, जिच्याशी त्याचं काहीच जुळत नाही. तिच्या घरी आधीपासून पाणघोडा, मगर आणि डुक्कर अशी तीन मुलं आहेत. रंगरूपावरून ‘कुणावर गेलाय गं?’ असं सहज विचारणाऱ्या आपल्या समाजात हे पुस्तक मोठ्यांनीही वाचावं. आपल्याकडे चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने दीपा बलसावर यांचं ‘द लोन्ली किंग अँड क्वीन’ काढलं. मूल नसलेल्या राजा-राणीच्या घरी मूल येतं, त्याची ही गोष्ट.

मात्र पुस्तक एकदा वाचलं आणि सांगून झालं, असं होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4 ते 13 वर्षांच्या मुलांना दत्तक म्हणजे काय समजतं, हे तपासलं. अगदी लहान मूल ‘मी दत्तक आहे’ असं आनंदाने सांगतं, पण त्याचा अर्थ त्याला फारसा लागलेला नसतो. सहा-सात वर्षांच्या सुमारास त्याच्या ध्यानात येतं, की कुणी मला घेतलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी मला सोडलं होतं. पुस्तक तेच असतं, प्रश्न नवे येतात. चोकोची पहिली आई कुठे गेली, हे मात्र ते पुस्तक सांगत नाही.

इथे घरची माणसं प्रेमापोटीच चुकतात. ‘ती फार गरीब होती’ असं सांगितलं, तर मूल मनाशी हिशेब करतं. यंदा आपलं धान बुडालं, तर मलाही देऊन टाकतील? ‘तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं, म्हणून तिने तुला दिलं’ यातून तर माया करणारी माणसं सोडून देतात, असाच अर्थ निघतो. त्यापेक्षा थोडं आणि खरं सांगावं. त्या वेळी तिला कुठलंच बाळ वाढवणं जमणार नव्हतं, तुझं काही चुकलं नव्हतं, आणि आता तू कायमचा इथलाच. कायद्याची साथही आहे. मूल सोपवणाऱ्या आईला बालकल्याण समितीपुढे यावं लागतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्यामुळे ‘टाकून दिलं’ हे सरसकट बोलणं अनेक मुलांच्या बाबतीत मुळातच खोटं असतं.

आपल्या गावांत आणखी एक प्रकार आहे, ज्यावर ही पुस्तकं काही बोलत नाहीत. धाकट्या भावाचं मूल थोरल्याच्या ओटीत घालतात. हिंदू कुटुंबांत 1956 च्या दत्तक कायद्याप्रमाणे ते रीतसर दत्तक होतं आणि पुढे रद्दही करता येत नाही. पण जन्म देणारी त्याच अंगणात, काकू म्हणून, रोज समोर असते. अशा घरात गुपित ठेवण्याचा हट्ट मला अजिबात कळत नाही.

आणि गोष्टींची उणीव कुठे आहे? जन्माष्टमीला आपल्याकडे घरोघर मातीचा कानोबा बसतो. देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवलं, हे पोरांना पाठ असतं. कुंतीसुद्धा मूळची शूरसेनाची मुलगी पृथा, निपुत्रिक कुंतिभोजाला दिलेली. तिच्याच कर्णाला राधा-अधिरथांनी मायेने वाढवलं, तो अभिमानाने राधेय म्हणवतो. पण जन्माची गोष्ट त्याच्यापुढे उघड मांडली जाते ती ऐन युद्धाच्या तोंडावर, आणि सांगणाऱ्यांना त्याला आपल्या बाजूला वळवायचं असतं. मुलाला कधी आणि कसं सांगू नये, याचं याहून ठळक उदाहरण नाही. पुराणही कशाला हवं? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये मायलेकांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणांत मात्र यशवंत एका ओळीत उरकतो.

सगळ्यात चांगलं पुस्तक घरीच होतं. दहा-बारा जाड पानं, त्यावर दत्तक देणाऱ्या संस्थेच्या इमारतीचा फोटो, तिथे सांभाळणारी मावशी, घरी येतानाचा प्रवास, आजीने दारात ओवाळलं तो क्षण. जन्माबद्दल जेवढं ठाऊक असेल तेवढंच लिहावं, मनचं घालू नये. आणि ते पान पाहुण्यांना दाखवू नये. ती माहिती मुलाची आहे. अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला स्वतःची पाळंमुळं शोधण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. त्या वेळी घरचं पुस्तक आणि सरकारी कागद यांत तफावत निघायला नको.

राहता राहिल्या अंगणवाड्या आणि शाळा. तिथल्या पुस्तकांच्या पेटीत दत्तक घराची एक तरी गोष्ट असावी, वर्गात तसं मूल असो वा नसो. मधल्या सुटीत ते वाक्य बोलणारं मूल बहुधा दत्तक नसतं. ही पुस्तकं त्याच्या हाती आधी पडायला हवीत.