उदासी, सेरोटोनिन आणि लेझर

घरात कोणी महिनोन्‌महिने गप्प राहिलं, जेवणावरची वासना उडाली की आपल्याकडे ‘नजर लागली’ म्हणतात, सून असेल तर ‘नखरे’. मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, हे कोणी सांगत नाही. सेरोटोनिन हे असंच एक रसायन. नैराश्यावरची बरीच औषधं त्याच्यावरच काम करतात.

जिवंत पेशीत ते पाहायचं कसं? अतिनील किरणांत ते आपोआप चमकतं, पण त्याच किरणांनी पेशीला इजा होते. सुदीप्त मैती आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर तोड काढली. अवरक्त लेझरचे तीन प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर पडले, की तिघांची ऊर्जा मिळून एका अतिनील कणाचं काम करते. असा योग फक्त प्रकाश एकवटतो त्या बिंदूवरच जुळतो. बाकीची पेशी बचावते. रंगही घालावा लागत नाही.

मैती पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. आमच्या शेलूहून सीएसएमटीची लोकल धरली तर ही जागा मुलांच्या आवाक्यातली! तिथे त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूचे पातळ काप तपासले. चेतापेशी सेरोटोनिन टोकांतूनच नव्हे, मुख्य अंगातूनही बरंच सोडते, असं दिसलं. शाळेच्या आकृतीत आम्ही निरोप टोकापाशीच दाखवतो.

या लेझरने कोणाची उदासी मोजता येत नाही. त्यासाठी डॉक्टरच हवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.