विश्लेषण : नळ आहे, तरी वस्तीत पाणी का पुरत नाही? समजून घ्या परळीचे गणित

परळी वैजनाथ शहराची तहान नागापूरच्या वाण धरणावर भागते. पावसाने ओढ दिली की धरण आटते आणि दोन पाळ्यांमधले दिवस वाढतात. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. मात्र, टंचाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही.

साठवणीचे गणित काय?
जलजीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष माणशी रोज ५५ लिटर. तोच धरला, तरी ५ जणांच्या घराला रोज २७५ लिटर लागतात. नळ दर पाचव्या दिवशी आला, तर १,३७५ लिटर साठवावे लागतात. म्हणजे २०० लिटरचे ७ ड्रम. बंगल्याखाली हौद असतो. एका खोलीच्या घरात ७ ड्रम ठेवायचे कुठे?

शौचालयाचा काय संबंध?
पाणी अपुरे असले की आधी पिण्याचे आणि स्वयंपाकाचे राखले जाते. शौचालय बांधलेले असूनही बादलीभर पाण्यावाचून वापर थांबतो.

पाणी दूषित कसे होते?
पुरवठा थांबला की जलवाहिनी रिकामी होते. मग गळक्या जोडांतून गटाराचे पाणी आत शिरते.

उपाय काय?
गळती रोखणे, पाळीचे अंतर कमी करणे आणि वस्तीत सामायिक टाकी बांधणे. नुसते नळजोड वाढवून भागणार नाही.