हिमदंताळे
हिमदंताळे : उतरत्या छपरावर साचलेले हिम जमिनीवर उभे राहून खाली ओढण्याचे लांब दांड्याचे अवजार. कॅनडा व अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये येथे ते वापरतात. नावात दंताळे असले, तरी त्याला दाते नसतात. सुमारे ६० सेंमी. रुंदीचे ॲल्युमिनियमाचे वा प्लॅस्टिकचे आडवे पाते असते. तुकडे जोडून दांडा ५ ते ६ मी. लांब करता येतो.

हिम काढण्याचे कारण केवळ भार नव्हे. पोटमाळ्यातून वर जाणाऱ्या उष्णतेने हिमाचा तळ वितळतो. ते पाणी थंड वळचणीपाशी येऊन गोठते व बर्फाचा बांध तयार होतो. बांधामागे तुंबलेले पाणी छपराच्या आवरणाखाली शिरून घरात गळते. पोटमाळ्याचे उष्णतारोधन व वायुवीजन सुधारणे हा यावरील खरा उपाय होय. तोवर वळचणीलगतचा एक-दीड मीटरचा पट्टा मोकळा ठेवला, तरी बरेच काम भागते.

तेथील अनेक छपरांवर अस्फाल्टी शिंगले बसविलेली असतात. शिंगल म्हणजे काचतंतूंच्या पटावर अस्फाल्ट चढवून त्यावर खनिज कण रोवलेला पातळ तुकडा. हे कण जंबुपार किरणांपासून अस्फाल्टाचे रक्षण करतात. थंडीत अस्फाल्ट ठिसूळ होते. अशा वेळी पात्याची उघडी कड घासल्यास कण निघून येतात, क्वचित शिंगलही तुटते. म्हणून पात्याच्या खालच्या कडेला लहान चाके बसवून ते छपरापासून किंचित वर ठेवतात. चांगल्या हिमदंताळ्याची पारख येथेच होते. हिमाचा पातळ थर मागे राहिला, तरी बिघडत नाही. तोही खरवडण्याचा हव्यास मात्र महाग पडतो.

हिम वळचणीकडून आरंभ करून थोडेथोडे, उताराच्या दिशेनेच ओढतात. धातूचा दांडा विजेच्या तारांजवळ नेणे प्राणघातक असते.