परसदार: जुनं घर दुरुस्त करताना

आजचा विषय कळल्यावर एका माजी विद्यार्थ्याने फोन केला, "सर, तत्त्वज्ञान सोडून गवंडीकाम कधीपासून?" गवंडीकाम मी केलेलं नाही. गवंड्याला चुकीचं काम मात्र सांगितलं, त्याची ही गोष्ट.

आमचं घर जुन्या पनवेलातलं, वडाळे तलावापासून फार लांब नाही. काळ्या दगडाचं जोतं, विटा-चुन्याच्या भिंती, वर कौलं, मागे परसदार आणि विहीर. इथली नगरपालिका 1852 सालची, 2016 साली तिची महानगरपालिका झाली, आता विमानतळही आला. अशा गावात जुनं घर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बिल्डरला कधी देताय?" आम्ही दोघांनी ठरवलं, दुरुस्त करू. भाजी जमेल तेवढी घरची, पाणीही जमेल तेवढं घरचं.

आणि मग मी दोन उद्योग केले. चुन्याचा पोपडे आलेला गिलावा काढून सिमेंटचा करून घेतला, आणि चिखल नको म्हणून परसात फरशी घातली. पावसाळ्यानंतर भिंतीला कमरेपर्यंत लोणा चढला. पुढच्या एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवला.

भिंतीचं कारण असं. जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, सुकते. सिमेंट दाट असतं, ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते, तिच्यातले क्षार विटांना भुसभुशीत करतात. सगळा गिलावा फोडला. कळीचा चुना विरवला, काही आठवडे मुरू दिला आणि त्याचाच गिलावा केला. हे काम येणारा गवंडी माझ्याच वयाचा निघाला. त्याच्या मुलाने आमच्या भिंतीवर हात बसवून घेतला, ही त्यातली जमेची बाजू.

विहिरीचं गणित जरा सावकाश ऐका. आपल्याकडे पाऊस साधारण तीन मीटर. आमचं छप्पर 60 चौरस मीटर. म्हणजे 1,80,000 लिटर पाणी छपरावर पडतं. पाचवा भाग वाया गेला असं धरलं, तरी 1,44,000 उरतं. शहरासाठी माणशी रोज 135 लिटरचं सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने आम्हा दोघांना वर्षाला लागतं 98,550. पाणी पुरून उरतं की! पण ते येतं चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांसाठी सुमारे 65,000 लिटर साठवायचं, तर चार मीटर लांब, रुंद आणि उंच अशी टाकी हवी. ती ठेवणार कुठे? जमिनीच्या पोटातच. पाणी मुरायला परस उघडा असायचा, आणि मी त्याच्यावरच फरशी ठोकली होती. ती उखडली. छपराचं पाणी आता पन्हळीतून गाळणीच्या खड्ड्यात आणि तिथून विहिरीत जातं. ते धुण्याला आणि झाडांना वापरतो, पिण्याला नळाचंच. डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत.

ॲरिस्टॉटलने घर चालवण्याची विद्या आणि पैसा वाढवण्याची विद्या वेगळ्या मानल्या. पहिलीला सीमा असते, गरज भागली की थांबता येतं. दुसरीला थांबणं ठाऊक नसतं. आमच्या घराचा चौरस फुटांत भाव सांगितला जातो, तेव्हा मला हा फरक आठवतो. परसाची किंमत त्या भावात येते. विहिरीचं पाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ आणि अळू येत नाहीत.

पण जुन्या परसाचे गोडवे गाताना सांभाळायला हवं. त्या विहिरीचं पाणी शेंदणारे हात आजीचे आणि आईचे होते. ॲरिस्टॉटलच्या घरात तर गुलाम राबत. आज आमच्याकडे पंप आहे, म्हणून मला हे व्याख्यान सुचतं. आणि तांदूळ, डाळ, तेल आम्ही वाण्याकडूनच आणतो. आमचं म्हणाल तर शेवगा, कढीपत्ता, अळू, पावसाळ्यात मांडवावर पडवळ. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. पालापाचोळा कुजवून थोड्या जागेत किती पिकतं, याचे प्रयोग त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून लोकांना करायला लावले. त्यांचं वाचूनच मी पाचोळा जाळणं थांबवलं.

आता पावसाळ्याआधीचं काम. कौलांवर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते, म्हणून पहिल्या काही सरींचं पाणी विहिरीत जाऊ द्यायचं नाही. पन्हळीची बगलेची तोटी उघडी ठेवायची, पाणी स्वच्छ दिसलं की बंद करायची. आमच्याकडे हे खातं पत्नीकडे आहे. मी एकदा विसरलो होतो.