स्वारगेटचा चहा, उसाचा रस आणि भोजनातील मात्रा : लो-कार्ब आहारात गोडाची ओढ कशी सांभाळावी?

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून कार्यक्रमासाठी पुण्यात येणारा कार्यकर्ता स्वारगेटला एसटीतून उतरतो तेव्हा बहुधा उपाशीच असतो. स्थानकाबाहेर त्याला चहा, क्रीमरोल, खारी, वडापाव आणि उसाचा रस मिळतो. दहा-वीस रुपयांत पोट भरल्यासारखे वाटते आणि तो पुढच्या बैठकीला निघतो. तिथे पुन्हा चहा-बिस्किटे येतात.

अलीकडे आपल्यातील अनेक तरुणांनी वजन किंवा रक्तातील साखर वाढल्यामुळे कमी कर्बोदकांचा, म्हणजे लो-कार्ब आहार सुरू केला आहे. भात आणि पोळी कमी, साखर बंद. पहिले तीन-चार दिवस उत्साहात जातात. मग एका संध्याकाळी कुणीतरी पेढ्यांचा पुडा पुढे करते आणि सगळा नेम मोडतो. "माझ्यात निश्चयच नाही" असे म्हणून आहार सोडला जातो. खरे तर हा प्रश्न निश्चयापेक्षा समजुतीचा आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

आपल्यासाठी हा विषय महत्त्वाचा का?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना ते या आजाराशी आणि पायांच्या वेदनांशी झुंजत होते. 15 एप्रिल 1948 रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे पथ्य आणि औषधे त्या सांभाळत. धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच, 6 डिसेंबर 1956 रोजी, वयाच्या 65 व्या वर्षी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी मधुमेहावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज उपचार आहेत, तपासणी आहे, माहितीही आहे. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी चाळिशीतच या आजाराने थकून बसणे परवडणारे नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. "मी तर सडपातळ आहे" हा दिलासाही खोटा ठरू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे वजनाने इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच कमी होती, पण त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्या घरातल्या मुलांनी तर हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे.

ओढ का लागते?

कर्बोदके एकदम कमी केली, पण त्यांच्या जागी दुसरे काही खाल्ले नाही, तर माणूस सरळ उपाशी राहतो. उपाशी मेंदू सर्वात लवकर ऊर्जा देणारा पदार्थ मागतो आणि तो म्हणजे साखर. दुसरे कारण झोपेचे. रात्री उशिरापर्यंत बॅनर लावायचे आणि सकाळी लवकर उठायचे, असे चालले की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि तृप्तीची जाणीव देणारे घटते. तिसरे कारण सवयीचे. बैठक म्हटली की चहा, आनंद म्हटला की पेढा, हे मेंदूने पक्के जोडून ठेवलेले असते.

यात चारित्र्याचा दोष शोधू नये. प्रतीत्यसमुत्पादाची भाषा इथे नेमकी लागू पडते: स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. पेढा दिसला, जिभेला पाणी सुटले, हवासा वाटला, हात पुढे गेला. यातली वेदना आणि हात पुढे जाणे यांच्यामधली जागा आपल्या ताब्यात येऊ शकते. ओढ लाटेसारखी वाढते आणि ओसरते. दहा-पंधरा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन तिच्याकडे नुसते पाहिले, तर बहुतेक वेळा ती आपोआप कमी होते.

स्वारगेटलाच, नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत, 'धम्मपुण्ण' हे विपश्यना केंद्र आहे. या परंपरेच्या शिबिरांत जुने साधक अष्टशील पाळतात. दुपारच्या जेवणानंतर ते जेवत नाहीत, संध्याकाळी फक्त लिंबूपाणी घेतात. भुकेची जाणीव येते आणि जाते, हे तिथे प्रत्यक्ष अनुभवता येते.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाई. जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रा जाणून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेत व्यवहाराच्या दोन गोष्टी आहेत. एक, राजाने भात एका दिवसात सोडला नाही, टप्प्याटप्प्याने कमी केला. दोन, तो एकटा लढला नाही, आठवण करून देणारा माणूस त्याने जेवणाच्या जागीच बसवला. आपल्यालाही असा एक सुदर्शन लागतो. तो मित्र, पत्नी, बहीण किंवा शाखेतला सहकारी असू शकतो.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली किंवा रस-मधातून येणारी साखर दिवसाला सुमारे 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत ठेवणे चांगले. दोन चमचे साखरेचे पाच चहा घेतले तर दहा चमचे झाले. उसाच्या रसाच्या एका ग्लासात 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. कोल्ड्रिंकच्या 250 मिलिच्या बाटलीतही जवळपास तेवढीच. गूळ आणि मध 'नैसर्गिक' असले तरी शरीरासाठी ती मुख्यतः साखरच. 'शुगर-फ्री' बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतो आणि मैद्याची पुढे साखरच होते.

मग करायचे काय?

- आधी प्रथिने. सकाळी दोन अंडी, मोड आलेली मटकी किंवा पनीर पोटात गेले तर अकरा वाजताची ओढ बरीच कमी होते. मांसाहार करणाऱ्यांना सुकट, बोंबील, चिकन आहेच.
- पिशवीत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवा. फुटाण्यात कर्बोदके असतात, म्हणून मूठ एकच.
- चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ सरावते.
- गोड हवेच असेल तर जेवणानंतर लगेच, थोडे आणि बसून खा. रिकाम्या पोटी, उभ्याने, पुड्यातून खाऊ नका.
- पेरू, आवळा, पपईची फोड किंवा दालचिनी घातलेले घट्ट दही यांनी गोडाची इच्छा भागते. फळ चावून खा, रस काढू नका.
- कृत्रिम गोडीच्या गोळ्यांवर विसंबू नका. वजन कमी करण्यासाठी त्या वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिला आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारावे.
- एखादे दिवशी गोड खाल्ले गेले तर पुढचे जेवण नेहमीसारखे घ्या. शिक्षा म्हणून उपास करू नका, त्याने दुसऱ्या दिवशी ओढ दुप्पट होते.

ही खबरदारी घ्याच

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना कर्बोदके मनाने कमी करू नयेत. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांना भेटून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही हेच लागू. घाम, थरथर, चक्कर आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. त्या क्षणी साखर औषध असते. विनयातही आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे म्हणून घेण्याची मुभा आहे.

खीर सोडायची का?

नाही. कठोर देहदंड सोडून सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली, हे आपण दर वैशाख पौर्णिमेला आठवतो. त्या दिवशी छोटी वाटी खीर घ्यावी आणि त्या जेवणातला भात-पोळी कमी करावी. अडचण वैशाख पौर्णिमेच्या वाटीत नाही, उरलेल्या 364 दिवसांच्या चहा-बिस्किटांत आहे.

म्हणून काही निर्णय शाखेने आणि विहार समितीनेही घ्यावेत. बैठकीत चहा बिनसाखरेचा करावा आणि साखर बाजूला ठेवावी. बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे ठेवावेत. 14 एप्रिलच्या उन्हात पाणपोईवर रंगीत सरबताऐवजी ताक किंवा मिठाचे लिंबूपाणी द्यावे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच, त्यात एक रविवार रक्तातील साखरेच्या तपासणीला द्यावा. यातले काहीही महाग नाही, आणि पुढच्या बैठकीपासून सुरू करता येईल.

नमो बुद्धाय, जय भीम!