बॅटरीचा वायदा आणि आमचा गल्ला

उमरीहून नांदेडला माल आणायला जाणाऱ्या व्यापारी बंधूंपुढे सध्या एकच सवाल आहे: पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची? आम्हाला मन विचाराल तर दोहोंच्या मधली, म्हणजे प्लग-इन हायब्रीड. रात्री घरच्या विजेवर लावून ठेवायची. पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर ती बॅटरीवर जाते, पुढे पेट्रोलचे इंजिन. नांदेडपर्यंत वीज, हैदराबादला जायचे तर पेट्रोल हाताशी. लाईट गेली तरी धंदा अडत नाही.

हा प्रकार केवळ परदेशी नाही. 2010 साली पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जबरोबर 'रेवोलो' नावाचे किट जाहीर केले. जुन्याच गाडीला मोटर व बॅटरी जोडायची. 40 टक्के इंधन वाचेल असा दावा होता. आम्हीही आस लावून बसलो होतो. पण मोटारींच्या बाजारात ते किट काही रुळले नाही, आणि कंपनी पुढे बसगाड्यांकडे वळली. 2016 साली व्होल्वोची प्लग-इन गाडी भारतात आली, तिची किंमत सव्वा कोटी! तेवढ्यात आमच्या अख्ख्या कापड लाईनीचा माल भरून होईल. इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड आहे खरी, पण ती भिंतीच्या विजेवर लावता येत नाही.

अडचण बॅटरीचीच. दहा युनिट वीज साठवायला शिसे-आम्लाची बॅटरी घेतली तर वजन तीनशे किलोच्या आसपास, म्हणजे रुईच्या जवळपास दोन गाठी गाडीत घालून फिरायचे. लिथियमची त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसते. तिचा भाव 2010 साली युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, 2024 मध्ये 115 वर आला. याहून सरस घन-बॅटरी येणार, असे टोयोटा सांगते. आधी 2020 नंतर लगेच म्हणाले होते, आता 2027-28 म्हणतात. उधारीचे गिऱ्हाईकही असेच पुढची तारीख देते.

मात्र एक गोष्ट कारागिरांनी ध्यानात घ्यावी. 31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला: छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे 20,000 कोटींचा कारखाना, हायब्रीड व विजेच्या गाड्यांचा. आमची गॅरेजवाली पोरे कार्बोरेटर डोळे मिटून खोलतात, पण चारशे व्होल्टच्या केबलला हात कसा लावायचा हे त्यांना कोण शिकवणार? आयटीआयच्या विजेच्या गाड्यांच्या अभ्यासक्रमाची चौकशी आम्ही पुतण्यासाठी सुरू केली आहे. गाडीचे म्हणाल, तर जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन उतरवून घेतले.