वर्गातील हरवलेली वस्तू आणि जन्माचा आळ

इयत्ता पाचवीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर एका विद्यार्थ्याची कंपासपेटी दिसेनाशी होते. कोणी कोणाचे नाव घेत नाही. तरीही साऱ्या वर्गाच्या माना शेवटच्या रांगेतील पारधी मुलाकडे वळतात. शिक्षकही प्रथम त्याचेच दप्तर उघडावयास सांगतात. त्यात काही निघत नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत येत नाही, आणि हजेरीपटावर केवळ गैरहजेरीची खूण पडते. तिचे कारण मात्र कोठेच नोंदले जात नाही. पारधी, कैकाडी, कंजारभाट इत्यादी समाजांची मुले जेथे शिकतात, तेथे असा प्रसंग केव्हाही उद्भवू शकतो.

हा संशय मुलांच्या मनात कोठून येतो, हे शिक्षकाने प्रथम समजून घेतले पाहिजे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यान्वये संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे. अशा जमातीतील लोकांची पोलिसांकडे नोंद होई, त्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय मुक्काम हलविता येत नसे. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात वसविण्यात आले. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही पुढे झाली. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कायदा गेला, परंतु गावच्या पारावरील बोलणे बदलले नाही. घरात, ओट्यावर जे कानी पडते, तेच मूल वर्गात बोलते. म्हणून असे बोलणारा विद्यार्थी दुष्ट आहे, असे समजण्याचे कारण नाही. पण ते बोलणे चालू देण्याचेही कारण नाही.

वस्तू हरवल्यास कोणा एकाचे दप्तर तपासू नये. ‘वस्तू हरवली आहे, आपण सर्वजण शोधू’ असे सांगून साऱ्या वर्गाला कामास लावावे. कोणाकडे चुकून गेली असल्यास शाळा सुटेपर्यंत टेबलावर आणून ठेवावी, असे सांगावे. वस्तू सापडो वा न सापडो, रीत हीच असावी. क्वचित त्याच मुलाने ती घेतली असेल, तर अन्य कोणत्याही मुलाला जी समज दिली असती, तीच त्याला एकट्याला द्यावी. त्याच्या जमातीचा उच्चार करू नये.

एखाद्याने जातीचे नाव शिवीसारखे उच्चारले, तर शिक्षकाने तत्क्षणी थांबवावे. ‘या वर्गात असे बोलावयाचे नाही’ एवढे शांतपणे म्हटले तरी पुरे. ज्याचा अपमान झाला, त्याला उभे करून ‘तुला वाईट वाटले का?’ असे विचारू नये. त्याने तो दुसऱ्यांदा अपमानित होतो. बोलणाऱ्याला मागाहून एकीकडे बोलावून, तो शब्द त्याने कोठे ऐकला व त्याला त्याचा काय अर्थ कळला, हे विचारावे. छडीने हा प्रश्न सुटत नाही; शिवाय शिक्षण हक्क कायदा, 2009 अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे.

प्रसंग निवल्यावर, काही दिवसांनी, इतिहासाच्या तासाला 1871 च्या कायद्याची माहिती सर्वांना द्यावी. काल जन्मलेल्या बालकाला केवळ त्याच्या कुळावरून गुन्हेगार मानले, तर त्याचा अपराध कोणता, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उत्तरे मुलांकडूनच येऊ द्यावीत. शिक्षकांनी स्वतः लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने वाचावीत. शाळेच्या दारातून आत येण्यासाठी अशा मुलाला काय ओलांडावे लागते, हे त्यांतून कळते.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तनही तपासण्याजोगे असते. शिष्यवृत्तीची यादी जात पुकारून वाचली जाते काय? कपाटाची किल्ली, खडूची पेटी, वर्गाच्या वर्गणीचा हिशेब ही कामे पाळीपाळीने सर्वांकडे जातात, की काही हातांकडे कधीच जात नाहीत? बैठकीच्या रांगा महिनोन् महिने त्याच राहतात काय? शिक्षक कोणावर विश्वास ठेवतात, हे मुले न सांगता ओळखतात.

आणि जो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, त्याच्यासाठी निरोप धाडून भागणार नाही. शिक्षकाने त्याच दिवशी सायंकाळी पालावर जावे, आईबापांसमोर आपली चूक झाली असे म्हणावे आणि मुलाला उद्या शाळेत येण्यास सांगावे. असे म्हटल्याने शिक्षकाचा मान उणा होत नाही. मात्र चार दिवसांचा विलंब झाला, तर पाल दुसऱ्या गावी हललेले असू शकते, आणि मग त्या मुलापर्यंत पोहोचणे अवघड होऊन बसते.